नऊ हजार दोनशे रुपयांचे दात

वार्षिक अंकासाठी "दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी तरी काही विचारप्रवर्तक लिहावे" अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा माझ्या मैत्रिणींनी भराभर विषय वाटून घेतले. एकीने हुंडा घेतला, एकीने बेकारी, एकीने पर्यावरण. तुझा विषय कोणता, असे विचारल्यावर मला सांगायला संकोच वाटला. मी कुत्र्याच्या दातांवर लिहिणार आहे. हसून घ्या. मीही आधी हसले होते, मग रागावले होते. दोन्ही करून झाल्यावर लिहायला बसले आहे.

माझी थोडी ओळख द्यायला हवी, नाहीतर माझा राग कळणार नाही. बाबा नागपुरात ऑटो चालवतात. आई चार घरची धुणीभांडी करते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. कॉलेजात जायचे म्हणजे नक्की कुठल्या खिडकीवर कोणता अर्ज द्यायचा, हे सांगणारेसुद्धा घरात कुणी नव्हते. सकाळी कॉलेज करून संध्याकाळी पाच ते नऊ मी एका खाजगी पशुवैद्याच्या दवाखान्यात काम करते. आलेल्या जनावराचे नाव लिहायचे, वजन घ्यायचे, फोन उचलायचा आणि शेवटी बिल करायचे. महिन्याला ५,००० रुपये मिळतात. त्यात माझी फी, बस आणि पुस्तके भागतात.

आईच्या चार घरांपैकी एका घरी चेरी नावाची पांढरी पॉमेरेनियन कुत्री आहे. वय नऊ वर्षे, वजन सहा किलो. गेल्या ऑगस्टमध्ये ती आमच्या दवाखान्यात आली आणि तिचे बिल मीच केले. (त्या घरच्या काकूंना विचारूनच हे लिहिते आहे.) रक्ततपासणी १,४०० रुपये, भूल व भुलीतली देखरेख ३,०००, दातांची सफाई व पॉलिश २,५००, दोन दात काढण्याचे १,२००, सलाईन व औषधे १,१००. एकूण ९,२००. काकूंनी फोनवरून पैसे दिले, चेरीला शालीत गुंडाळले आणि त्या गेल्या. मी कॅल्क्युलेटरकडे बघत बसले.

त्या घरून आईला महिन्याला १,८०० रुपये मिळतात. पाच महिने तिने त्या घरची भांडी घासली तर नऊ हजार होतात, तरी दोनशे कमीच पडतात. भांडी घासणे इतके स्वस्त आणि दात घासणे इतके महाग, आणि तेही कुत्रीचे! माझ्या आजीचे सगळे दात गुडाखू घासून घासून पन्नाशीतच पडले. तिला दातांचा डॉक्टर म्हणून वेगळा असतो हे तरी ठाऊक होते की नाही, कोण जाणे. रात्री घरी जाऊन मी हे सारे आईला तावातावाने सांगितले. मला वाटले होते, तीही चिडेल. तिने भाकरी उलटली आणि विचारले, "मंग आता खाते का थे?"

त्या प्रश्नाने मी गप्प झाले, कारण चेरी दुखण्यात आहे हे पहिल्यांदा आईनेच ओळखले होते. काकू दिवसभर नोकरीवर असतात. भांडी घासताना चेरी आईच्या पायाशी बसते. आईच्या लक्षात आले की ती बिस्किट तोंडात धरते, डोके तिरके करते आणि एकाच बाजूने चावते. मग तिने टणक बिस्किट सोडलेच. तोंड फरशीला घासू लागली. तोंडाचा वास तर असा की ओट्याजवळ उभे राहवेना. तिच्या रबरी चेंडूवर एकदा रक्ताचे बोट उमटलेले दिसले, तेव्हा आईने काकूंना सांगितले. काकूंना खरे वाटेना. "अगं, पण ती जेवते ना!" असे त्या म्हणाल्या.

हे वाक्य दवाखान्यात मी रोज ऐकते. कुत्रे जेवते, म्हणजे त्याचे दात दुखत नाहीत, असे सर्वांनाच वाटते. आमच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की दात कितीही दुखला तरी कुत्रे जेवण सोडत नाही. ते चावण्याची बाजू बदलते, न चावता गिळते, आणि शेवटी अगदीच असह्य झाले म्हणजे ताटलीपासून दूर होते. तोवर वर्षे गेलेली असतात.

चेरीच्या बाबतीत आणखी एक घोटाळा झाला होता. सहा महिने आधी काकूंनी तिला एका केस कापणाऱ्या दुकानात नेले होते. तिथे तिला दोघांनी दाबून धरले आणि एका आकड्याने दातांवरचे पिवळे कीटण खरवडून काढले. भूल नाही, तपासणी नाही, ८०० रुपये. दात पांढरे दिसू लागले. काकू खूश झाल्या. आठशे रुपयांत होते ते नऊ हजारांत कशाला करायचे, हा प्रश्न मलाही पडला होताच. म्हणून चेरीच्या सफाईच्या दिवशी मी डॉक्टरांना विचारले, "मी आत येऊन बघू का?" ते म्हणाले, "बघ, पण कशाला हात लावू नकोस."

मी जे पाहिले ते थोडे सविस्तर सांगते, कारण सगळा वाद तिथेच मिटतो.

कुत्र्याला बेचाळीस दात असतात, आपल्यापेक्षा दहा जास्त. चेरीसारख्या लहान जातीच्या कुत्र्याच्या एवढ्याशा जबड्यात ते दाटीवाटीने बसलेले असतात. जेवणानंतर दातांवर जंतूंचा एक चिकट थर जमतो. तो काढला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांतच टणक होऊ लागतो. हेच कीटण. एकदा ते धरले की ब्रशने निघत नाही. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अधिक अल्कधर्मी असते, म्हणून त्यांना आपल्यासारखी दातांची कीड क्वचितच लागते, पण कीटण मात्र चटकन चढते. निसर्गाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले म्हणायचे! आणि खरे नुकसान डोळ्यांना दिसणाऱ्या कीटणाने होत नाही. ते होते हिरडीच्या आत, जिथे जंतू दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड पोखरत जातात.

चेरीला आधी शिरेतून औषध देऊन झोपवले. मग श्वासनलिकेत एक नळी घातली आणि तिच्याभोवतीचा छोटा फुगा फुगवला. त्या फुग्यामुळे सफाईचे पाणी आणि जंतू फुप्फुसात उतरत नाहीत. नळीतून भुलीचा वायू आणि प्राणवायू, जिभेला नाडी व प्राणवायू मोजणारा चिमटा, पोटाखाली ऊबदार गादी. एक सहायक केवळ तिच्या श्वासाकडे बघत उभी. मग डॉक्टरांनी एक बारीक, खुणा केलेली सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत घातली. निरोगी कुत्र्यात ही खाच तीन मिलिमीटरपेक्षा खोल नसते, लहान कुत्र्यात त्याहूनही कमी. चेरीच्या उजव्या बाजूच्या एका दाढेपाशी ती सळई सात मिलिमीटर आत गेली. वरून तो दात स्वच्छ पांढरा होता! दुकानात खरवडलेला तो हाच. आत पू होता. डॉक्टर म्हणाले, लहान कुत्र्यांत असेच चालू राहिले तर खालचा जबडा इतका पातळ होतो की साधी उडी मारतानासुद्धा तो मोडू शकतो.

पुढचे काम तासभर चालले. कंप पावणाऱ्या यंत्राने वरचे आणि हिरडीच्या आतले कीटण काढले. दोन दात वाचण्यासारखे नव्हते, ते काढले. शेवटी पॉलिश केले; ते शोभेसाठी नसते. खरवडल्याने दातावर बारीक चरे पडतात आणि खडबडीत दातावर थर लवकर बसतो, म्हणून ते गुळगुळीत करावे लागतात. दुकानातल्या आकड्याने चरे पाडले आणि पॉलिश केलेच नाही, म्हणजे सहा महिन्यांत चेरीची अवस्था आधीपेक्षा वाईट व्हायला त्या ८०० रुपयांनी हातभारच लावला.

आता तुम्हीच सांगा, जागे असलेले कोणते कुत्रे सात मिलिमीटर खोल सळई घालू देईल? आपल्याला दंतवैद्य "आ करा" म्हणतो आणि आपण आ करतो, तेही खुर्चीचे हात घट्ट धरून. कुत्र्याला का समजावणार? म्हणून भूल. आणि भूल आली की रक्ततपासणी आली, देखरेख आली, बिल आले. त्या ९,२०० रुपयांपैकी जवळजवळ निम्मे कुत्रीला सुखरूप झोपवून सुखरूप उठवण्याचे होते. विनाभूल सफाई स्वस्त पडते ती याच गोष्टी गाळल्यामुळे. जागतिक लहान प्राणी पशुवैद्यक संघटनेच्या दंतविषयक मार्गदर्शनात विनाभूल सफाईला स्पष्ट विरोध केलेला आहे. त्याच मार्गदर्शनानुसार प्रत्येक दाताचे क्ष-किरण चित्रही काढायला हवे. आमच्या दवाखान्यात ते यंत्र नाही, हे डॉक्टर स्वतःच काकूंना म्हणाले. ते असते तर बिल आणखी वाढले असते.

भुलीची भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. म्हातारे कुत्रे उठेलच याची हमी कोणी देत नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, निरोगी कुत्र्यांत भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण दोन हजारांत एक असे आढळले. आजारी कुत्र्यांत ते शंभरात एकाहून थोडे अधिक होते. म्हणजे जितकी दिरंगाई तितका धोका जास्त. पाचव्या वर्षी सफाई केली असती तर चेरीचे दोन दात वाचले असते आणि बिलही कमी झाले असते. दातांच्या रोगाने हृदय आणि मूत्रपिंड बिघडतात असे काही जण ठासून सांगतात; असा संबंध काही पाहण्यांत दिसला आहे, परंतु एकामुळेच दुसरे होते हे अजून सिद्ध झालेले नाही. त्याची गरजही नाही. दुखणे हेच पुरेसे कारण आहे.

कॅन्टीनमध्ये मी ही हकिकत सांगितली तेव्हा अपेक्षित तेच झाले. एक मित्र टेबलावर हात आपटून म्हणाला, "ज्या देशात माणसाला दातांचा डॉक्टर परवडत नाही, त्या देशात कुत्र्यांची ही चैन म्हणजे पाप आहे!" टाळ्या पडल्या. महिनाभर आधी मीही वाजवली असती. पण तत्त्वज्ञानाच्या तासाला सरांनी शिकवले आहे की दोन विधाने शेजारी ठेवली म्हणून एकातून दुसरे निघत नाही. काकूंनी चेरीचे दात तसेच कुजू दिले असते, तर ते ९,२०० रुपये आईच्या दातांकडे वळले असते काय? दिवाळीपूर्वी त्याच घरी नवे पडदे आले. ते ह्या बिलापेक्षा महाग होते. स्टुलावर चढून ते आईनेच लावले. तेव्हा मला राग आला नव्हता, आणि कॅन्टीनमध्ये कोणी पडद्यांवर भाषण दिल्याचेही मला आठवत नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण बालपणापासून ऐकतो आणि डोळे टिपतो. त्या कुत्र्याला पोळी चावता येत होती का, एवढेच कुणी विचारायचे नाही!

माझा राग खरा होता, पण पत्ता चुकला होता. तो आईच्या १,८०० रुपयांचा होता, आणि मी तो चेरीच्या नावाने टाकला होता. तो अजून गेलेला नाही. काकूंशी मी त्याबद्दल बोलले, आणि हा लेख छापून येईपर्यंत त्या १,८०० चे २,२०० झाले आहेत. पण चेरीच्या बिलात आणि त्या वाढीत काही देवाणघेवाण नव्हती.

माझा आक्षेप वेगळाच आहे. पॉमेरेनियन किंवा पग घरी आणताना लोक पिल्लाची किंमत घासाघीस करून ठरवतात, आणि पुढे बारा-पंधरा वर्षे त्याच्या तोंडात काय होणार आहे हे कुणी विचारत नाही. विकणारा तर सांगणारच नाही. गरिबाने कुत्रे पाळू नये असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणारी मी कोण? आमच्या मामाच्या शेतावर मोत्या आहे. खेड्यातले कुत्रे हाडे चघळते, त्याचे दात आपोआप साफ राहतात, असा मामांचा सिद्धान्त होता. दोन वर्षांपूर्वी मोत्याच्या डोळ्याखाली सूज आली. गांधीलमाशी चावली म्हणून हळद लावली. सूज फुटली, पू गेला, पुन्हा आली. मी दवाखान्यात लागल्यावर मला कळले की वरच्या मोठ्या दाढेचे मूळ बरोबर डोळ्याखाली येते, आणि टणक हाड चावताना तीच दाढ चिरते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाईम्हशींच्या रांगेत मोत्याला उभे केले. तिथल्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितले, दाढ काढायला हवी असे सांगितले, पण तशी साधने त्यांच्याकडे नव्हती. शेवटी मामांनी त्याला टेम्पोत घालून नागपूरला आणले. मोत्या त्या दाढेपायी वर्षभर दुखणे सोसत शेताची राखण करत होता.

आमच्या शहरात १९५८ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २००० सालापासून त्या विषयाचे विद्यापीठही आहे. शिकून बाहेर पडणारे डॉक्टर आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात दात साफ करण्याचे एखादे यंत्र आणि भुलीची सोय असावी, ही मागणी कुणाला हास्यास्पद वाटेल. पण तिथे नाममात्र शुल्कात हे होऊ लागले, तर आकडा घेऊन बसलेल्या दुकानांत कोण जाईल?

तोवर स्वस्त उपाय एकच, आणि तो मला डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवला. पिल्लू असल्यापासून रोज बोटाला ओले सुती फडके गुंडाळून किंवा मऊ ब्रशने दातांच्या बाहेरच्या बाजू घासायच्या. दोन मिनिटे पुरतात. थर दोन-तीन दिवसांत टणक होतो, म्हणून रविवारचा रविवार करून काही उपयोग नाही. आपली पेस्ट मात्र वापरायची नाही. कुत्रे थुंकत नाही, गिळते. आणि आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची जी साखर असते ती कुत्र्याला विषासारखी आहे. ह्याने सफाई कायमची टळते असे नाही, पण लांबते आणि सोपी होते. काकूंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मला वेळ कुठे असतो गं!" मग आईकडे बघून, "तुम्ही कराल का? महिन्याला तीनशे देईन." आई आता रोज भांडी आटोपल्यावर चेरीचे दात घासते. चेरी आधी गुरगुरायची, आता ब्रश दिसला की स्वतःच येऊन बसते.

लिहायचे नव्हते पण लिहिते. ब्रश कसा धरायचा हे दाखवताना मी आईला म्हटले, "तोंड उघड, तुझ्यावर दाखवते." तिने उघडले नाही. दुसऱ्यांदा म्हटल्यावर उघडले. उजवीकडच्या दोन दाढा नुसत्या खोडक्या उरल्या होत्या, हिरडी लाल. मग माझ्या ध्यानात आले की आईसुद्धा कितीतरी दिवसांपासून एकाच बाजूने जेवते. भाकरी ती वरणात भिजवून खाते ती आवडते म्हणून, असे मी समजत होते. मी ओरडलेच. ती म्हणाली, "तिले तं बोलता येत नाही बाप्पा. मले येते, पण मी कोणाले सांगू? तुई फी भरायची होती."

शासकीय दंत महाविद्यालय आमच्या घरापासून ऑटोने वीस मिनिटांवर आहे. १९६८ सालापासून ते तिथे आहे, आणि बाबा दिवसातून दोनदा त्या चौकातून सवारी नेतात. आम्ही तिघेही तिथे कधी आत गेलो नव्हतो. गेल्या सोमवारी मी आईला घेऊन गेले. केसपेपर काढला, रांगेत अडीच तास बसलो. तिला पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली आहे. त्या दिवशी चेरीचे दात काकू स्वतः घासणार आहेत. ब्रश कसा धरायचा ते आईने त्यांना काल दाखवून ठेवले.